पस्तिशीत नर्सिंग शिकलेली आई

मंडळी, आज सकाळी शेजारची सुनंदा नर्सिंगच्या पहिल्या वर्गाला निघाली. वय चाळीस. दारात थबकून म्हणाली, "मावशी, ह्या वयात माका जमतला काय गो?"

मी तिला माझ्या आईचं सांगितलं. साठच्या दशकात मिठबावात आमची शेजारीण बाळंतपणात गेली, तेव्हा आई तिच्या उशाशी होती. पुढे एकदा जेवताना ती बाबांना म्हणाली, "माका नर्सिंग शिकूचा आसा."

"जा. पोरांका मी बघतंय."

पस्तिशीची आई रत्नागिरीला वसतिगृहात राहिली. परतल्यावर गावातली कितीतरी बाळं तिच्या हातांवर जन्मली.

ती तिकडे शिकत असताना इकडे बाबा भाकरी थापायला शिकले. करपलेल्या भाकऱ्यांबद्दल आम्ही तिला कधी कळवलं नाही.

तुमच्या घरातून असं उशिरा शिकायला कोण निघालं? आणि मागे चूल कोणी सांभाळली?