रागाच्या भरात घेतलेलं सॉफ्टवेअर

ज्या माणसाने मला गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकटात दिलं, त्याच्यावर मी सूड उगवला. आज विचाराल तरी मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की सूड पुरेसा झाला नाही.

गंगाखेडला खताच्या दुकानावर माझी एक खोली आहे, तिला मी स्टुडिओ म्हणतो. भिंतींना जुन्या वाकळा ठोकल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. भजनी मंडळं येतात, हळदीची गाणी होतात, निवडणूक लागली की दोन्ही पार्ट्यांची गाणी एकाच आठवड्यात होतात. कारखाना चालू असला की खालून उसाचे ट्रॅक्टर टेप लावून जातात, तेव्हा गायकाला हात करून थांबवायचं आणि ट्रॅक्टर पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

हे काम मी परभणीत एका स्टुडिओवाल्याकडे शिकलो. आम्ही सगळे त्याला सर म्हणायचो. निघताना सरांनी एका पेन ड्राइव्हमध्ये सॉफ्टवेअर दिलं आणि सांगितलं, नेट बंद कर, अँटीव्हायरस बंद कर, ही फाइल तिथे टाक, झालं. जिल्ह्यात निम्म्या स्टुडिओंत सरांचंच क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारं चोरीचं सॉफ्टवेअर, चालायचं. ते उघडलं की मालक म्हणून कुणा परदेशी माणसाचं नाव यायचं. सर म्हणायचे, "विद्या वाटल्यानं वाढती. कंपनीला आपल्या गंगाखेडचा पत्ता तरी माहीत हाय का?" मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या कंपनीसाठी मला आजही रडू येत नाही.

माझी मावशी पोखर्णीच्या बाजूला राहते. लग्नात विहिणीची गाणी म्हणणारी म्हणून तिला आसपासच्या गावांत मान. आमच्याकडे वरमाय आणि तिच्या बाया पंगतीला बसल्या की मुलीकडच्या बाया गाण्यातून त्यांची खेचतात. तिथे कुणी रागवायचं नसतं. झोंबलं तरी हसायचं आणि शेवटी गाणारीच्या ओटीत खण-नारळ घालायचा, हा रिवाज. मावशी ही गाणी स्वतः रचते. सगळ्यात गाजलेलं हे:

"इहीन आली नटून, बुगडी हाय उसनी,
पंगतीला बसली अन् भाजी म्हने आळनी."

हे गाणं मी माझ्या खोलीत तिच्याकडून म्हणवून घेतलं. सरांचा हात माझ्यापेक्षा चांगला, म्हणून मिक्सिंगला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी गाणंच ठेवून घेतलं. एका तरुण पोरीच्या आवाजात, मागे डीजेचा ठेका टाकून ते त्यांच्या चॅनलवर आलं आणि खाली लिहिलं होतं, गीत-संगीत: सर. त्या सीझनला जिल्ह्यात एक वरात त्या गाण्याशिवाय निघाली नाही.

ताडकळसच्या एका लग्नात मावशीने नेहमीप्रमाणे ते म्हटलं. समोर बसलेली एक पोरगी म्हणाली, "मावशी, डीजेचं गाणं म्हनायलाव तर नीट पाठ तर करा. तिसरं कडवं चुकायलंय." बाकीच्या पोरी हसल्या. मावशी गाणं अर्ध्यात सोडून उठली. त्यानंतर कुणी बोलवायला आलं की घसा धरलाय म्हणायची. घसा ठणठणीत होता. स्वतःच्याच गाण्याची नक्कल करणारी ठरली होती ती, आणि ते तिला गिळता येत नव्हतं.

मी तडक परभणी गाठली. सरांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "तू रेकॉर्ड कशावर केलंस? माझ्याच क्रॅकवर ना? चोराच्या घरी चोरी झाली तर चोर ठाण्यात जातो का रे?"

याचं उत्तर मला एसटीत बसल्यावर सुचलं. कंपनीचं सॉफ्टवेअर मी घेतलं तरी ते कंपनीकडे होतंच. कंपनीला भर पंगतीत कुठल्या पोरी हसल्या नव्हत्या. मावशीचं गाणं गेलं ते तिच्या तोंडातून गेलं. दोन्ही चोऱ्याच, पण एका मापाच्या नाहीत. हा मुद्दा बरोबर होता आणि काही कामाचा नव्हता, कारण क्रॅक माझ्याही कॉम्प्युटरवर होतं. त्या माणसाने मला सॉफ्टवेअर दिलं नव्हतं, माझ्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

महिन्याभरात मी ते कुलूप काढलं. नवी मोटारसायकल घ्यायची ठरली होती, ती राहू दिली. घरात चार दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. सॉफ्टवेअर विकत घेतलं, रीतसर. उघडल्यावर मालक म्हणून माझं नाव आलं. लोक याला सचोटी म्हणतील, तर म्हणू देत. ऊसतोडीला जायच्या आधी माणूस कोयत्याला धार लावतो, तशी मी धार लावत होतो.

आणि देवाने म्हणा, दैवाने म्हणा, संधी आणून दिली. सरांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलगी निघाली मावशीच्या गावची. मुलीची आई मावशीला गाण्यासाठी बोलवायला आली. मावशीने घसा पुढे केला. मी तेव्हा तिथेच होतो. ती बाई गेल्यावर मी मावशीच्या मागेच लागलो.

"कुनाच्या पोरीच्या लग्नात इख कालवायचं न्हाई मला," मावशी म्हणाली.

"इख कशाचं? तुझंच गाणं म्हण. आणि त्याला जे सांगायचं ते रिवाजात बसवून सांग."

तिने निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "येते मी. पन तुज्या भांडनासाठी न्हाई. माज्या गान्यासाठी."

लग्नात डीजेवर तेच गाणं वाजत होतं. पंगत बसली तसं मुलीच्या बापाने ते बंद करायला लावलं. मी माइक लावला, लॅपटॉप उघडला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. सर व्याही म्हणून फेटा बांधून पंगतीत फिरत होते. मावशीने बुगडीचं कडवं घेतलं. वराकडच्या पोरी टाळ्या वाजवत मागे म्हणू लागल्या. कडवं संपलं, मावशीने पदर खोचला आणि नवं उचललं:

"इहीन बसली पाटावर, याही लय शाना,
माजं गानं चोरून मलाच म्हने, म्हना."

आधी सगळे नेहमीसारखे हसले. मग मुलीकडच्या बायांनी ती ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली, आणि लोक एकेक करून सरांकडे पाहू लागले. सर हसले. हसावंच लागलं. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला.

मग त्यांनी माइक मागून घेतला आणि थट्टेच्याच सुरात म्हणाले, "मावशी, भाच्याला बी इचारा की, त्याचं मशीन कुनाच्या चोरीचं हाय."

याच वाक्याची मी वाट पाहत होतो. माझं नाव दाखवायला मी लॅपटॉप हातात घेऊन उभा राहिलो. पण मावशी थांबलीच नाही:

"भाचा माजा लाडाचा, चोराचाच चेला,
इसार पडला मावशीचा, तवा शाना झाला."

भाचा आणि व्याही एकाच दावणीला बांधले. मांडव हसून लोळला. मी लॅपटॉप घेऊन खाली बसलो. खरंच होतं ते, माझ्या शहाणपणाचा इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, तिने भरली होती. मावशीचं गाणं गेलं नसतं तर त्या परदेशी माणसाच्या नावावर मी जन्म काढला असता.

खण-नारळ घालायला सरांची बायको उठली. मावशीच्या ओटीत नारळ ठेवताना तिने हळूच विचारलं, "गानं तुमचं हाय का, ताई? आमच्या घरात तर ते यांनी रचलं म्हनत्यात." मावशीने ओटी सावरून घेतली. त्या बाईने तिथूनच नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. चॅनलवरचं नाव काढतो, पण मांडवातलं रेकॉर्डिंग कुठे टाकू नकोस. मी फोन ठेवला आणि संध्याकाळी चॅनल उघडलं. पाहिलं तर नाव खरंच काढलं होतं आणि तिथे लिहिलं होतं, गीत: पारंपरिक. माझं डोकं फिरलं. मावशीला सांगितलं, तर तिने विचारलं, "मंजे काय?"

"म्हणजे कुणाचंच नाही."

"मंग त्याचं बी न्हाई की," ती म्हणाली. तिला तेवढं पुरलं. रेकॉर्डिंग टाकू का, विचारलं तर म्हणाली, "पोरगी नांदायलीय त्या घरात. खबरदार." ती आता पुन्हा लग्नांना जाते आणि तिसरं कडवं मुद्दाम दरवेळी बदलते.

मला पुरलं नाही. रेकॉर्डिंग मी कुठे टाकलेलं नाही, पण खोली उघडली की आधी ते लावतो. त्यात सरांचं हसणं आलंय, कोरडं, घशात अडकलेलं. गर्दीत ते नीट ऐकू येत नव्हतं. तेवढं मी वेगळं काढून आवाज वर घेतलाय.