शनिवारकाकांचा पुरावा

शनिवारकाकांइतका अस्सल कोकणी माणूस मी अलिबागेतसुद्धा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका कडक ज्यू अख्ख्या व्हर्जिनियात नसेल. पंचाईत एवढीच, की आपल्या लोकांना ते ज्यू वाटायचे आणि ज्यूंना इंडियन. हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" काका म्हणाले, "नवगाव. अलिबागजवळ." "हो, पण त्याच्या आधी?" "त्याच्या आधी नवगावच्या किनाऱ्याला आमचं गलबत फुटलं. झाली असतील दोन हजार वर्षं. तुमचं कधी फुटलं?" डॉक्टर बिचारे श्रीखंडाची वाटी घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

शनिवारकाका हे नाव आमच्या लेकीने ठेवलं, पण नकळत तिने जुनाच वारसा चालवला होता. काकांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. काका घाण्यावर नव्हते, पुलांची ड्रॉइंग्ज काढायचे. पण शनिवारी गाडी नाही, स्वयंपाक नाही, दिव्याचं बटण नाही म्हणजे नाही. आणि मंडळाचे झाडून सगळे कार्यक्रम शनिवारी! त्यांचा शनिवार शुक्रवारी ऊन उतरलं की लागायचा, आणि मंडळाचा हॉल आमच्या घरापासून चालत जाण्याजोगा. मग काय, शुक्रवारी ऊन उतरायच्या आत स्वारी पिशवी घेऊन आमच्या सोफ्यावर हजर. मी म्हणायचे, "काका, मी तुमच्यासाठी एक खोलीच बांधून घेते." "नको," ते म्हणायचे, "सोफ्यावरून स्वयंपाकघराचा वास चांगला येतो." अंधार पडला की खरी मजा. दिवा लावायचा नाही आणि दुसऱ्याला लाव असं सांगायचंही नाही. मग ते लेकीला अगदी गोड आवाजात विचारायचे, "बाळ, तुला अंधार वाटतोय का गं?" ती पाच वर्षांची, अमेरिकेत जन्मलेली, सरळ मनाची. "नो काका, आय ॲम फाइन!" असं म्हणून ती अंधारातच खेळत राहायची आणि काका अंधारातच सुस्कारे सोडायचे.

कोळंबी त्यांना धर्माने वर्ज्य. कोकणी माणसाला ही केवढी शिक्षा! पण मी कोळंबीचं कालवण केलं की ते पातेल्यापाशी उभे राहून दीर्घ श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "वासाबद्दल धर्मग्रंथात काही लिहिलेलं नाही."

त्यांचं दुसरं वेड पुस्तकांचं, आणि तीही कसली? ज्यूंना कुणी, कधी, कुठून हाकललं त्याची. स्पेन झालं की रशिया, रशिया झालं की जर्मनी. आमच्या पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते सुरू व्हायचे. "पाहिलंत वहिनी, सगळीकडे एकच रीत. आधी गोडीत विचारतात, तुम्ही नक्की इथलेच का? मग म्हणतात, हा देश आमच्या रक्ताचा, तुमच्या नाही. मग कपड्यांवर खूण लावायला लावतात. आणि मग..." पोहे गार व्हायचे. मग एकदम म्हणायचे, "आणि आमचं कोकण बघा. एक जात चिकटवली आणि मोकळे झाले. दोन हजार वर्षांत कुणाला साधी शिवी सुचू नये?" हे ते अभिमानाने म्हणत की तक्रारीने, ते मला कधी कळलं नाही.

मात्र एका बाबतीत त्यांना खरा घोर लागलेला होता. माणूस एकटा, बायको नाही, पोरं नाहीत. ज्यूंच्यात जाळत नाहीत, पुरतात. आणि तेही आपल्यांच्या दफनभूमीत. "वहिनी, मेल्यावर तरी कुणी मला मूळचे कुठले विचारू नये," एवढंच ते म्हणाले होते. जवळच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, ते पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरच्या गृहस्थाने त्यांना अदबीने इंडियन ग्रोसरीचा रस्ता दाखवला होता. माणसं वाईट नव्हती हो, पण मराठी बोलणारा ज्यू असतो हे त्यांनी ऐकलंच नव्हतं. दफनभूमीत जागा मागितली तेव्हा ती माणसं म्हणाली, एका रविवारी या, तुमच्या समाजाची माहिती सांगा, तुमच्यावर काय काय अत्याचार झाले ते सांगा, मग ठरवू.

झालं! काका अत्याचार शोधायला लागले. ठाण्याच्या चुलतभावाला फोन लावून ते आमच्याच घरातून ओरडत होते, "अरे, आपल्याला कुणी छळलं होतं का रे कधी?" पलीकडचं उत्तर मलाही ऐकू आलं, "मला बायको छळते. चालेल?"

रविवारी पुरावा म्हणून त्यांनी आम्हालाच बरोबर घेतलं. मी त्यांच्याकडून शिकून मलिदा केला होता. गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं. त्यांच्याकडे शुभकार्याला करतात तो. सासूबाई तेव्हा पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी गाडीत बसताना काकांच्या हातात फडक्यात बांधलेला डबा दिला, "यश येईल हो," म्हणाल्या. सिनेगॉगच्या दाराशी काकांनी वरचं फडकं सोडलं आणि पाहते तर काय, झाकणावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक! आत बसलेली म्हातारी माणसं तीच खूण मिरवणाऱ्या झेंड्याखालून जीव वाचवून आलेली, आणि आम्ही ती त्यांच्या दारात घेऊन आलेलो. मी घाईघाईने रुमाल काढला. काकांनी माझा हात धरला. "पुसू नका. तुमच्या सासूबाईंनी माझ्यासाठी काढलंय." झाकण फडक्यात गुंडाळून त्यांनी गाडीत ठेवलं आणि उघडाच डबा घेऊन ते आत गेले.

व्यासपीठावर त्यांनी आधी नवगावची, फुटलेल्या गलबताची आणि तेलाच्या घाण्याची हकिकत सांगितली. मग म्हणाले, "मी खूप शोधलं. एकदाच आंबे चोरताना वाडीच्या मालकाने मला झाडाला बांधलं होतं. पण माझ्या शेजारी गावच्या खोताचा मुलगाही बांधलेला होता." कुणी हसलं नाही. गेली जागा, असंच वाटलं मला. मागून एकाने विचारलं, "तुम्हाला कुणीच हाकललं नाही, तर मग तुम्ही ज्यू राहिलात कसे?"

"शनिवारी घाणा बंद ठेवून," काका म्हणाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई काठी टेकत उठल्या. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या. त्यांच्या वडिलांना रस्त्यावर गुडघे टेकून फरशी घासायला लावली, तेव्हा लहानपणापासूनचे शेजारी भोवती उभे राहून हसत होते, असं काकांनी मला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्या गावाचं नाव पुन्हा सांगा." "नवगाव." "नाव्गाव," त्यांनी म्हणून पाहिलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "आपण यांच्याकडे जखमा मागितल्या. मला आज कुणीतरी असं गाव दाखवलं, जिथे त्या झाल्याच नाहीत. यांना दफनभूमीत जागा माझ्या शेजारची द्या." आणि त्यांनी हातानेच मलिदा खाल्ला. मी तिथे भर सभेत रडले, सांगायला लाज कसली!

माझं झाकण मात्र काकांनी परत केलं नाही. मागितलं की म्हणायचे, "शनिवार होऊ दे, मग देतो." असे कितीतरी शनिवार झाले. एका हिवाळ्यात काकाच गेले, अचानक, झोपेत. त्यांना त्यांच्या जागी ठेवलं, आजीबाईंनी आणि मी मूठमूठ माती टाकली. कुणी काही विचारलं नाही.

नंतरच्या शुक्रवारी आम्ही त्यांचं घर आवरायला गेलो. त्या जाडजूड पुस्तकांच्या मागे झाकण सापडलं, फडक्यात तसंच गुंडाळलेलं, कुंकू थोडं फिकटलेलं. मी ते मांडीवर घेऊन बसून राहिले. बाहेर ऊन कधी उतरलं, कळलंच नाही. लेक आता माझ्या खांद्याला लागली होती. एरवी दहा हाका मारल्या तरी ती जागची हलत नसे. ती कोपऱ्यातून उठली आणि कुणी काही न म्हणता तिने दिवा लावला.