मी सारवलेली भिंत

चौथीत सुंदर अक्षराबद्दल मला एक पाटी मिळाली होती. त्यानंतर माझं नाव झालं ते थेट पन्नाशीत, एक भिंत सारवल्याबद्दल.

माझ्या चुलतसासूंना सगळे मोठ्याबाई म्हणतात. तरुणपणी त्यांनी शिडीवर चढून देवळाच्या भिंतीवर चित्रं काढली. हे काम पुरुष रंगाऱ्यांचं, म्हणून गावानं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. ते देऊळ पुढं पाडलं. त्यांच्या हातची चित्रं उरली ती फक्त आमच्या पडवीतल्या भिंतीवर. विहिरीवरच्या बाया, बैलबाजार आणि शिडीवर उभी एक बाई. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. यंदा पुण्याच्या एका बाईंचा फोन आला, मोठ्याबाईंवर माहितीपट करायचाय म्हणून.

फोन मी उचलला. अनोळखी माणसाशी बोलताना मला घाम फुटतो. मी सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, घर आहे तसंच राहू द्या. आमच्यासाठी काही करू नका."

आता, असं कोणता पाहुणा म्हणत नाही? काही करू नका म्हणणाऱ्यालाच आपण पुरणपोळी करतो.

मोठ्याबाई लेकीकडे डोंगरकडा गावी गेल्या होत्या. मी शेण आणि पांढरी माती कालवली आणि पडवी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवली. तीस वर्षं त्या भिंतीला मी सूप टांगत होते. ती चित्रं मला धुरकटलेले डागच वाटायची. शूटिंग मोठ्याबाईंचं, भिंतीचं थोडंच, एवढीच माझी अक्कल.

पाहुण्यांनी वाटेत मोठ्याबाईंना गाडीत घेतलं होतं. सगळे एकदमच पडवीत आले. भिंत फार स्वच्छ दिसत होती.

मोठ्याबाईंनी ओल्या मातीवर हात ठेवला. "काहून सारवली ग?"

"पाहुणे येनार म्हणून."

"इतक्या वर्सांनी कोणी इचारायला आलं, अन् तू पुसून बसली."

मी चुलीमागं जाऊन बसले. गॅस आल्यापासून ती चूल पेटत नाही, पण लपायला दुसरी जागा नव्हती. बऱ्याच वेळानं मोठ्याबाईच आत आल्या. "ऊठ. गेरू हाय का घरात?"

दुपारी भिंत वाळल्यावर त्या बसल्या. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत त्यांनी विहिरीवरच्या बाया काढल्या. वर हात पुरेना, तेव्हा मला म्हणाल्या, "तू चढ शिडीवर." कॅमेरा चालू होता. त्या खालून सांगत होत्या, मी ओढत होते. "सरळ ओढ. रेघ हाय ती, शेवया न्हाईत."

पिक्चर शाळेत दाखवला. लोक उठून मोठ्याबाईंच्या पाया पडले. पूर्वी तोंडावर बोलणाऱ्या दोघी म्हाताऱ्याही पडल्या. माझी पिक्चरमध्ये फक्त पाठ दिसते, तेवढं बरं झालं. पण एका जागी पुण्याच्या बाई विचारतात, तुमची जुनी चित्रं कुठं आहेत? मोठ्याबाई शांतपणे सांगतात, "व्हती. सूनबाईनं सारवली."

तिथं सगळी शाळा मागं वळून माझ्याकडं बघत होती.