झिऱ्याचा नियम आणि खाडीची मर्यादा

जव्हारच्या एसटीत चढताना कंडक्टरने माझ्या थर्माकोलच्या पेटीकडे बघून नाक मुरडलं. "मासळी असेल तर मागे ठेवा, बाई." पेटीत नुसत्या रिकाम्या बाटल्या आहेत असं मी सांगितल्यावर तो आणखीच संशयाने बघायला लागला. त्याला तरी कसा दोष द्यायचा? मांडीवर सुक्या जवळ्याची पिशवी होती आणि तिचा वास ड्रायव्हरपर्यंत पोचला होता.

मी राहते वैतरणेच्या खाडीकाठी. शाळेत विज्ञान शिकवते. माझी थोरली बहीण सुमनताई अजूनही ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढते. आमच्या आईनेही हेच केलं आणि त्याच कालवांवर आम्ही दोघी शिकलो. पण हल्ली ताईची पाटी बाजारातून तशीच परत येते. कालवांना वास येतो असं गिऱ्हाईक म्हणतं, आणि ते खोटं नाही. खाडीत शहरांचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं येतं, आणि भरतीसोबत ते आत-बाहेर फिरत राहतं.

आता त्यावर एक समिती बसली आहे. खाडीला किती घाण पचवता येईल याची मर्यादा ठरवायची आणि मग त्यातला वाटा प्रत्येकाला नेमून द्यायचा, असं तिचं काम. गावातर्फे मलाही तिच्यावर घेतलं. मागच्या बैठकीत कारखान्यांच्या प्रतिनिधीने शांतपणे सांगितलं, "घाण वरूनच येते. डोंगरात लोक राब भाजतात, ती राख नदीला मिळते. मग मर्यादा आम्हालाच का?" राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण अंथरून ते भाजणं. मसुद्यात लगेच एक ओळ चढली, की वरचं पाणी मुळातच अशुद्ध असेल तर खालची मर्यादा सैल करावी आणि राब भाजण्यावर निर्बंध आणावेत. वरचं पाणी कोणी तपासलंय का, असं मी विचारलं. कोणीच तपासलं नव्हतं. बोलेल त्याने करावं, या न्यायाने काम माझ्याच गळ्यात आलं.

जव्हारला उतरून चहा घेतला आणि मोखाड्याची गाडी धरली. मोखाड्यात आठवड्याचा बाजार भरला होता. मिरच्यांचे ढीग, प्लास्टिकचे हंडे, मोबाइलची कव्हरं, आणि एका कोपऱ्यात बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेली माणसं. एका सरबतवाल्याकडून मी बर्फ घेतला. नमुने भरल्यावर ते थंड ठेवावे लागतात. "एवढा बर्फ नेऊन काय करणार?" त्याने विचारलं. पाणी थंड ठेवायचं, असं मी म्हटल्यावर तो हसला. "सूर्यमाळला चाललात आणि पाणी थंड करायला? आधी पाणी तर मिळू द्या."

सूर्यमाळच्या जीपमध्ये माझ्या दोन्ही गुडघ्यांमध्ये पेटी, पेटीवर कोणाची तरी कोंबडी आणि शेजारी ठाण्याच्या बांधकामावरून घरी चाललेला एक गडी. खाडीचं सगळं प्रकरण मी त्याला उलगडून सांगितलं. शिक्षकाची खोड, ऐकणारा सापडला की सोडवत नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे तिकडं पानी खराब हाय, नि इकडं पानीच नाय," तो म्हणाला. "सगळा पानी का टेन्शन." पुढच्या वळणावर तो उतरला. जाताना कोंबडी घेऊन गेला, तेव्हा कळलं ती त्याचीच होती.

उन्हाळा नुकता लागला होता, तरी डोंगर करपून पिवळे पडले होते. मधूनच एखादा पळस पेटलेला, आणि खालच्या उतारांवर ठिकठिकाणी राबाचा निळसर धूर. प्रतिनिधीचं म्हणणं खरं निघालं तर? खरं निघालं तर तेच लिहायचं, असं मी स्वतःला बजावलं. पण मनातून ते खोटंच निघावं असं वाटत होतं, हेही कबूल करते.

मोखाड्याच्या एका शिक्षकमित्राने सूर्यमाळच्या उताराखालच्या पाड्यावर (वस्तीवर) चांगुणाबाईंकडे माझी सोय केली होती. चांगुणाबाई चाळिशीच्या, सडसडीत, सतत कामात. नवरा आणि मुलगा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. मी जवळ्याची पिशवी पुढे केली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "खाडीचा हाय?" त्यांनी वास घेऊन विचारलं. मी हो म्हटलं, पण तो खाडीचं पाणी चांगलं होतं तेव्हाचा, जुना साठा आहे हे सांगायची लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी झिरा दाखवला. आटलेल्या ओढ्याच्या काठाला कातळ आहे, त्याच्या भेगेतून पाणी झिरपतं आणि खाली उकरलेल्या खड्ड्यात साचतं. तोच झिरा. त्यात वाटीवाटीने पाणी भरायचं. एक हंडा भरला की पाणी पुन्हा साचेपर्यंत दुसरीने थांबायचं. बायकांनी ओळीने हंडे मांडून ठेवले होते. झिऱ्यापासून पाच-पंचवीस पावलं दूर, खालच्या अंगाला राखेची एक ढिगोळी होती. प्रत्येक बाई आधी तिथे बसून हंडा आणि वाटी घासत होती. मला ते फार आवडलं. वहीत टिपूनही ठेवलं: "बायका स्वच्छतेबाबत दक्ष." वहीत लिहून ठेवलं की शहाणपण आलं असं आम्हा मास्तरांना वाटतं.

रात्री नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाचं वरण आणि जवळ्याची चटणी. दिवसभराच्या गचक्यांनी अंग मोडून आलं होतं. जेवल्या जेवल्या झोप लागली.

सकाळी चांगुणाबाईंनी आपल्या पाळीतून मला चार बाटल्या भरू दिल्या. बाटल्या त्यांनीच आणून हातात दिल्या आणि त्यांनीच वाटीने भरल्या. कातळावर बसून मी चाचणीचं सामान काढलं. एका बाटलीतलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात फॉस्फेट असेल तर ते निळं होतं. जितकं जास्त निळं, तितकी खाडीत शेवाळ आणि वास वाढवणारी घाण.

पाणी निळं झालं. दुसऱ्या बाटलीतलंही झालं. तिसऱ्यातलं तर शाळेच्या गणवेशासारखं गडद.

मला रडू येईल असं वाटलं. डोळ्यांसमोर सुमनताईची पाटी आली. पण ठरवल्याप्रमाणे मी वही उघडली आणि लिहिलं: "वरच्या पाण्यात फॉस्फेट जास्त. कारण बहुधा राबाची राख."

चांगुणाबाई शेजारी येऊन नळीकडे कौतुकाने बघत होत्या. "काय रंग आला! चांगला हाय ना पानी?"

"नाही हो. खराब आहे. तुमच्या राबाची राख यात उतरते."

"राबाची?" त्या हसल्याच. "आमचा राब अजून भाजला नाय. नि खाचरं तं तठं खाली हायती, झिऱ्याच्या खाली. राख काय डोंगर चढून येतं का?"

मी मान वळवून बघितलं. खरंच, भाजलेल्या राबांचे सगळे काळे चौकोन आमच्या पायांखालच्या उतारावर होते. वर होता तो नुसता कातळ आणि रान. शिवाय पावसाळा संपल्यापासून पाऊस नव्हता, मग राख वाहून येणार तरी कशी? प्रतिनिधीचं वाक्य डोक्यात घेऊन आले होते, तेच मी धूर दिसताच वहीत उतरवलं. डोळे उघडे ठेवून बघायला विसरले.

मग हे निळं आलं कुठून? मी बाटली उन्हात धरून फिरवली. झाकणाच्या आट्यांमध्ये करड्या रंगाची बारीक रेघ होती. बोट लावलं तर बोटाला राख.

"चांगुणाबाई, या बाटल्यांना काय केलंत?"

"घासल्या," त्या अभिमानाने म्हणाल्या. "पहाटे उठून. तुमच्या बाटल्यांना दवाखान्याचा वास येत व्हता. आतून काठीला चिंधी बांधून घासल्या राखेनं. बिनघासला भांडा झिऱ्यावं नाय चालं."

प्रयोगशाळेने आम्लाने धुऊन, वाळवून, झाकण लावून दिलेल्या बाटल्या! आणि त्या पाहुणीची लाज राखायला या बाईने झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून राखेने लख्ख केल्या होत्या. मला हसू आवरेना. मग त्यांना सगळं समजावलं. लाकडाच्या राखेत फॉस्फेट असतं. तुम्ही दुसऱ्या पाण्याने कितीही खळबळलंत तरी आट्यांत राख राहिली आणि नळीत तीच निळी झाली. त्यांचा चेहरा उतरला. "मी बिघडवला सगळा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बिघडवलं मी. वीस वर्षं मुलांना सांगत आले की आधी भांडं तपासा, आणि स्वतः पहिल्या निळ्या थेंबाला निकाल लिहून मोकळी झाले.

वहीतली ओळ खोडली. पेटीच्या तळाशी बर्फाखाली दोन बाटल्या न उघडलेल्या उरल्या होत्या. पण आता अडचण वेगळीच होती. घासलेल्या बाटलीत नमुना बिघडणार आणि बिनघासली बाटली झिऱ्यावर चालणार नाही. शिवाय चांगुणाबाईंची पाळी संपली होती.

ओळीत पुढे एक म्हातारी बसली होती. सगळ्या तिला मोठीआय म्हणत. झिऱ्यावर तिचा शब्द चालतो हे लगेच दिसलं. चांगुणाबाईंनी तिला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. मला अर्धंच कळलं. खाडी, कालवं, राब हे शब्द ओळखीचे वाटले. म्हातारीने माझी बाटली हातात घेतली, हुंगली, तोंड वाकडं केलं आणि मला विचारलं, "राब बंद करणार ते?"

"पाणी खराब निघालं तर तसं म्हणतायत."

"नि चांगला निघाला तं?"

"तर खालच्यांना आपली घाण आवरावी लागेल."

तिने थोडा विचार केला. "झिऱ्यात बुडवायची नाय. वाटी पन नाय लावायची. वर भेग हाय, तठं धर. थेंब थेंब पडंल तो घे."

भेगेखाली बाटली धरली की झिऱ्यात पाणी पडायचं थांबत होतं. म्हणजे दोन बाटल्या भरेपर्यंत कोणाचाच हंडा भरणार नव्हता. उन्हं वर चढत होती. मी ओळीकडे बघितलं. अकरा हंडे होते. कोणी कुरकुरलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. एक तरुण बाई चांगलीच करवादली आणि हंडा तिथेच ठेवून मोह वेचायला निघून गेली. बाकीच्या सावलीला सरकल्या. माझा हात भरून आला तेव्हा चांगुणाबाईंनी बाटली धरली, त्यांच्यानंतर मोठीआयने. तिने थेंब एकही बाहेर सांडू दिला नाही.

बाटल्या भरल्यावर थोडं पाणी नळीत घेतलं. औषधाचे थेंब टाकले. सगळ्या बायका डोकी जुळवून बघत उभ्या. आम्ही बराच वेळ थांबलो. पाणी नितळच राहिलं, आरपार दिसणारं.

"रंग नाय आला," चांगुणाबाई काळजीने म्हणाल्या.

"नाही आला!" मी ओरडलेच, आणि त्यांना मिठी मारली. मोठीआयला एवढं सोंग पसंत पडलेलं दिसलं नाही. तिने आपली वाटी उचलली आणि सरळ झिऱ्याकडे वळली. तिची पाळी मी बराच वेळ अडवून ठेवली होती.

परतीच्या जीपमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की एकदाही मी कोणाला विचारलं नव्हतं, बिनघासलं भांडं न लावण्याचा हा नियम कोणी केला आणि मोडला तर काय दंड. तिथे असताना प्रश्नच पडला नव्हता.

प्रयोगशाळेचा निकाल बैठकीआधी आला. वरचं पाणी स्वच्छ होतं. बैठकीत मी सगळं सांगितलं, माझ्या गाढवपणासकट आणि बिघडलेल्या चार बाटल्यांसकट. राख नदीला मिळते याचा पुरावा कोणाकडेच नव्हता, तेव्हा राबाची ओळ मसुद्यातून काढली. मर्यादा सैल करण्याचा मुद्दाही मागे पडला. सुमनताईची पाटी लगेच रिकामी होणार नाही, खाडी सुधारायला वर्षं लागतील, हे मला ठाऊक आहे. पण आता निदान दोष कोणाचा हे कागदावर तरी आहे.

झिऱ्याचा नियम ऐकून एका अधिकाऱ्यांना खरंच कुतूहल वाटलं. त्यांनी विचारलं, "पण तिथे तपासणी कोण करतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "सगळ्या जणी तेच पाणी पितात."

मग मी कारखान्यांच्या प्रतिनिधीकडे वळले आणि विचारलं, "तुमच्या घरी आपल्या खाडीची कालवं येतात का हो?"

ते गृहस्थ मनाने साधे. पटकन बोलून गेले, "छे, छे. खाडीचं आम्ही घरात आणत नाही."

"हे इतिवृत्तात घ्या," मी लेखनिकाला म्हटलं. त्याने अध्यक्षांकडे बघितलं, आणि लिहून घेतलं.