मलावीत लागलेला ठसका

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माजिवड्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहा पिताना वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. त्यामुळे आता तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

आम्ही कोपरला राहतो, डोंबिवली वेस्टला. बाबा गेल्यापासून घरात तिघीच – आई, मी आणि धाकटी सायली. सायलीने सोशल वर्क केलं आणि शहाडच्या वस्तीत एका ख्रिश्चन संस्थेच्या बालवाडीत शिकवायला लागली. त्याच संस्थेने वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं एक वर्षासाठी आफ्रिकेत, मलावीला पाठवली. तिथल्या गरीब गावांत मुलांना एक वेळचं जेवण द्यायचं, त्यांच्या आयांना परसात भाज्या लावायला शिकवायचं. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय फक्त. सायलीचं नाव आलं तेव्हा ती घरभर नाचली होती.

बिल्डिंगमध्ये कुजबुज झालीच. "धर्मबिर्म बदलून येईल हो पोरगी!" आईने तिथल्या तिथे सुनावलं, "उपाशी पोरांना जेवायला घालायला चाललीय माझी सायू. देव कुठला का असेना, त्याला आवडेलच." मग काय, आईला आवरणं कठीण झालं. भाजीवाली, बँकेतला शिपाई, महिला मंडळ... दिसेल त्याला सायूचे फोटो. मी चिडवायचे, "अगं, स्टेशनबाहेर बॅनरच लाव आता!"

बरेच महिने छान गेले. मग सायलीला मलेरिया झाला आणि तो मेंदूपर्यंत गेला.

त्या शनिवारी दुपारी हॉस्पिटलमधून तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा ओळखू येत नव्हता. दोन शब्द बोलून थकली. आईने मला फोन धरून उभं केलं, मुठीत मीठ-मोहरी आणि लाल मिरच्या घेतल्या, "आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची..." पुटपुटत फोनवरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या करपून काळ्या पडल्या, धूर झाला – आणि वास नाही. आम्ही दोघी तव्यावर वाकून उभ्या, पण कोणालाच साधा ठसका नाही.

तुम्हाला माहीत असेलच, ठसका लागला तर दृष्ट नव्हती. वासच आला नाही, तर ती लागलेली, आणि जबरदस्त. आई मटकन खाली बसली. "केवढी लागलीय गं... मीच गावभर सांगत सुटले ना!" मी म्हटलं, मिरच्या जुन्या असतील. फोन तोवर कट झाला होता.

त्याच दिवशी सायली गेली. घरी आली ती बंद पेटीत.

तेराव्यानंतर, आई घरात नसताना मी मुद्दाम त्याच बरणीतल्या मिरच्या त्याच तव्यावर टाकल्या. शेजारच्या काकू खोकत खोकत दार वाजवायला आल्या. मी आईला काही सांगितलं नाही, कारण तिचं आधीच ठरलं होतं – आपल्या फुशारकीने पोरीला नजर लागली. तिने लोकांशी बोलणं सोडलं, सायलीचे फोटो कपाटात टाकले. मी डास, परजीवी, सगळं समजावलं. लॅबमधल्या स्लाइडचा फोटोसुद्धा दाखवला. उपयोग शून्य. माझी बहीण गेली होती आणि आई डोळ्यांसमोर विझत चालली होती... फार एकटं वाटायचं.

दिवाळीनंतर रूथ आली. केनियाची मुलगी, मलावीत सायलीबरोबर काम करायची. शहाडच्या संस्थेत काही कामासाठी आलेली, म्हणून सायलीची बॅग द्यायला घरी आली. ती इंग्लिशमध्ये बोलत होती, मी आईला मराठीत सांगत होते.

"एक विचित्र गोष्ट सांगू?" रूथ म्हणाली. "सायली गेली त्या दिवशी तिला तुमचा फोन लावून दिला आणि मी औषध आणायला गेले. परत आले तर अख्खा वॉर्ड खोकत होता. पेशंट, नर्स, सगळे. कोणीतरी मिरच्या जाळल्यासारखा वास... नर्सने सगळीकडे शोधलं. स्वयंपाकघर लांब, दुसऱ्या इमारतीत, तिथेही काही नाही. सायली खोकत होती आणि हसत होती. म्हणाली, माझी आई आलीय. मला वाटलं, तापात बडबडतेय."

आमच्या कॉलच्या वेळी रूथ वॉर्डमध्ये नव्हती. आणि दृष्ट काढल्याचं आम्ही बाहेर कोणालाही सांगितलं नव्हतं.

कसंबसं आईला सांगितलं. ती म्हणाली, "नीट विचार तिला. सायू स्वतः खोकली?"

"खूप," रूथ म्हणाली. "डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

"म्हणजे ठसका लागला तिला," आई हळूच म्हणाली. "दृष्ट नव्हतीच गं मग. आजारच होता माझ्या बाळाला." आणि सायली गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली. रूथला काही कळलं नाही, पण तिने आईचा हात धरून ठेवला. मीही रडले.

तो वास इथून तिथे कसा गेला? मला माहीत नाही. जे मी इतके दिवस समजावत होते, ते आईला अखेर पटलं, पण माझ्या स्लाइडमुळे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजी आणायला गेली ती परतेचना, म्हणून मी खाली उतरले. भाजीवालीला मोबाइल दाखवत उभी होती.

"ही माझी धाकटी," सांगत होती. "पोरांना जेवायला घालायला गेलेली."