पाणी वरून प्या

माझ्या मामेसासऱ्यांनी हयातीत नाशिकमधले जेवढे गळे निरखून पाहिले, तेवढे सराफ बाजारातल्या सगळ्या सोनारांनी मिळूनही पाहिले नसतील. सोनाराला निदान गळ्यात काय घालता येईल यात रस असतो. मामांना गळ्याच्या आत काय आहे याची चिंता असे. माणूस दारात आला की ते आधी त्याच्या कंठाकडे बघत, मग तोंडाकडे, आणि कोण आलंय हे त्यांच्या लक्षात सर्वांत शेवटी येई. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गंगापूर रोडच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी "या जावईबापू" म्हणून मला खुर्चीत बसवलं, खुर्ची माझ्यासकट खिडकीच्या उजेडाकडे फिरवली, हातात पाण्याचं फुलपात्र दिलं आणि म्हणाले, "वरून प्या. सावकाश." मी प्यालो. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी आणखी एक घोट घ्यायला लावला. दुसरा घोट खाली उतरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पत्रिका जुळल्यावर माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावरही दिसलं नव्हतं.

मामा एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. त्या खात्यात काम करणाऱ्यांना तीन नियम शिकवतात: किरणांपासून लांब राहा, त्यांच्याजवळ कमीत कमी वेळ थांबा आणि मधे काहीतरी आड घ्या. मामांनी हे नियम इस्पितळापुरते ठेवले नाहीत. लग्नकार्यात ते वधूवरांना आठ फुटांवरून आशीर्वाद देत, पाच मिनिटांत निघत आणि बोलघेवडे नातेवाईक दिसले की खांबाची आड घेत. मामी चिडल्या की वर्तमानपत्राची. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा एक बिल्ला कामावर छातीला लावावा लागतो. मामा तो काढायचा विसरत आणि तसेच मंगल कार्यालयात जात. मग लोक त्यांना स्वागत समितीचे समजून जेवणाची पंगत कुठे आहे, हात कुठे धुवायचे, असं विचारत, आणि मामा चौकशा करून सगळ्यांना बरोबर ठिकाणी पाठवत.

गळ्यांचं वेड मात्र या नोकरीतून आलेलं नव्हतं. मामा आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या डोक्यात गजकर्ण झालं. त्या काळात त्यावर एक्स-रेचा उपाय करत. तीन-चार वेळा डोक्यावर यंत्र धरलं, केस गेले, गजकर्ण गेलं, केस परत आले, आणि मुलगा त्या यंत्राच्या प्रेमात पडला तो कायमचाच. पुढे पन्नाशीच्या आत, १९९१च्या सुमारास, दाढी करताना त्यांना स्वतःच्या गळ्यात गाठ लागली. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झाली, आणि मामांनी गळ्यावरच्या व्रणाभोवती मफलर गुंडाळला तो मे महिन्यातही सोडला नाही. लहानपणच्या त्या किरणांचा हा प्रसाद असू शकतो, असं डॉक्टर सहज बोलून गेले. डॉक्टर बोलून विसरले असतील. मामा विसरले नाहीत. किरणांनी आपल्यातलं काही बिघडलं असेल, तर ते आपण आपल्या मुलीला दिलं का, हा एकच प्रश्न घेऊन ते पुढची दहा-बारा वर्षं जगले.

मुलगी एकच, अनघा. ती चौदा वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळी तिला खिडकीसमोर बसून पाणी प्यावं लागे. घोट गिळताना थायरॉइड वर सरकतो आणि गाठ असेल तर दिसते. वरून पाणी पिताना मान मागे जाते आणि आणखी नीट दिसते. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मामा तिला एकटीला किती बघणार आणि ती तरी किती बघू देणार, म्हणून ते बाकीच्या जगाकडे वळले. पोस्टमन, गॅसवाला, मामींच्या भिशीतल्या बायका, सगळ्यांना पाणी वरून. एकदा भाजीवालीच्या गळ्यातली गाठ त्यांनी खरोखर शोधली आणि तिला बळेच डॉक्टरकडे पाठवलं. ती बरी झाली, आणि त्या घरात पुढे कोथिंबीर कधी विकत घ्यावी लागली नाही. खरं कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. बाहेरचे समजत, हे गृहस्थ भारीच सोवळे, भांड्याला कुणाचं तोंड लागू देत नाहीत. मीही हा किस्सा चारचौघांत मीठमसाला लावून सांगत असे. त्यात काही टोचण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग अनघानं मिलिंदचं नाव काढलं. ती आणि तो एकाच कॉलेजात शिकवत, ती गणित आणि तो प्राणिशास्त्र. त्याचे वडील अंबडला मी नोकरीला होतो त्याच कारखान्यात फिटर होते, तेव्हा मध्यस्थी माझ्याकडे आली. घर बौद्ध आहे हे मी आधीच सांगितलं. मामा म्हणाले, मुलगा शिकलेला आहे आणि अनघाला आवडलाय, मग आणखी काय बघायचं. आणखी काय बघायचं ते मला कळायला हवं होतं. रविवारी मिलिंद आणि त्याचे वडील आले. मामांनी मिलिंदची खुर्ची खिडकीकडे फिरवली, फुलपात्र हातात दिलं आणि म्हणाले, "वरून प्या."

मिलिंदनं फुलपात्र टीपॉयवर ठेवलं. त्याचे वडील उठले, मामींना नमस्कार केला आणि दोघंही गेले. मामा फुलपात्राकडे बघत बसले. पाण्याला काही वास येतोय का, असं त्यांनी मला विचारलं. तिथे मी तोंड उघडायला हवं होतं, जिना उतरून त्या दोघांना गाठायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मिलिंदचे वडील माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. "साहेब, पोरगा पसंत नसंल तर तोंडावर सांगा," ते म्हणाले, "पण पाणी वरून पाजायचं हे काय? आमच्या बापानं असं पाणी लय प्यायलं. माझा पोरगा नाय पिणार."

संध्याकाळी मी ते जसंच्या तसं मामांना सांगितलं. अनघा आतल्या खोलीत दार लावून बसली होती. मामांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसे ते चपला शोधू लागले. त्यांच्या मनात खोट नव्हती हे मला माहीत होतं, पण अपमान व्हायचा तो झालाच होता, आणि हे माझ्याआधी त्यांना उमगलं. मला घेऊन ते तसेच मिलिंदच्या कॉलनीत गेले. तीन नियमांपैकी एकही त्यांनी त्या दिवशी पाळला नाही. बसायला सांगण्याआधीच त्यांनी मफलर काढला आणि पाणी मागितलं. पेल्याला तोंड लावून ते गटागटा प्याले आणि म्हणाले, "चूक झाली. मी सगळ्यांचेच गळे बघतो. मला कॅन्सर झाला होता. तो मी माझ्या मुलीला दिलाय की काय, मला ठाऊक नाही. उद्या तिला मुलं होतील, त्यांना दोन्हीकडून मिळायला नको, म्हणून याचाही गळा बघत होतो."

मग मिलिंदनं विचारलं, "काका, गाठ कोणत्या प्रकारची निघाली होती?"

आणि तिथे मामांचं बिंग फुटलं. दुनियेचे गळे तपासणाऱ्या या माणसानं स्वतःचा रिपोर्ट कॅन्सर या शब्दापर्यंतच वाचला होता. पुढे काय लिहिलंय ते वाचायचा धीर झाला नव्हता, म्हणून तो मामींच्या कपाटातल्या शालूखाली दडवून ठेवला होता. सर्जन सांगू लागले तेव्हाही यांनी विषय बदलला होता.

दोन दिवसांनी मी तो पिवळा पडलेला कागद नेऊन दिला. मिलिंदनं तो वाचला आणि मामांना घेऊन तो त्याच सर्जनकडे गेला. या रोगाचा एक प्रकार घराण्यात उतरतो, मामांचा तो नव्हता. त्यांचा नेहमी आढळणारा होता. मिलिंदनं मामांना विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं: किरणांनी ग्रंथीच्या एखाद्या पेशीत जनुकांचा धागा तुटतो, शरीर तो घाईत भलतीकडे जोडतं आणि त्यातून गाठ वाढते. ही मोडतोड त्या पेशीपुरती. मुलांना जे मिळतं ते वेगळ्या पेशींतून जातं.

"म्हणजे मी तिला दिलेलं नाही?" मामांनी विचारलं.

"शंभर टक्के कोणीच सांगत नाही, काका. पण या कागदावरून तरी नाही."

पुढच्या रविवारी बापलेक पुन्हा गंगापूर रोडला आले, ते अनघासाठी. मामींनी ट्रेमधून पाणी आणलं. मामांनी खिडकीची खुर्ची स्वतः घेतली आणि पाहुण्यांकडे पाठ करून बाहेरच्या जास्वंदीकडे बघत बसले, इतकं की मामींना ते उद्धटपणाचं वाटलं. मिलिंदच्या वडिलांनी पेल्याला तोंड लावून सगळं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला, उठून मामांच्या समोर गेले आणि हनुवटी वर केली.

"गळा बघायचा ना? मग असा बघा," ते म्हणाले. "मधे भांडं कशाला?"

मामांनी दोन्ही हातांची बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. "गिळा," म्हणाले. त्यांनी आवंढा गिळला. मामांना डॉक्टरसारखं चाचपता येत नव्हतं. त्यांची बोटं तिथेच राहिली, जरा जास्तच वेळ राहिली. "काही नाही," ते शेवटी म्हणाले आणि खिडकीची खुर्ची त्यांना दिली.

लग्न झालं. मामा स्वागताला बिल्ल्याशिवाय उभे होते, मफलरही नव्हता. रविवारचं पाणी त्यांनी बंद केलं. नातीचा गळा त्यांनी कधी बघितला नाही. तिला खांद्यावर घेऊन हिंडत तेवढंच. चार वर्षांनी हृदयविकारानं गेले. गळ्यानं पुन्हा कधी त्रास दिला नाही.

त्या घरी मी अजून जातो. मामी पाणी आणतात, माझ्या भांड्याला तोंड लागलं तरी कुणाला काही वाटणार नाही. तरी मी खिडकीकडची खुर्ची घेतो, मान मागे करतो आणि दोन घोट वरून पितो. सावकाश पितो. समोर कुणी वाकून बघत नसतं, आणि मग उरलेलं पाणी मी तसंच खाली ठेवतो.