‘फ’ तुकडीचं शिक्षण

“वडील काय करतात गं तुझे?”

“महापालिकेत आहेत, बाई. रस्ते झाडतात.”

“अरे वा. मग निदान फळा तरी छान पुसशील. पूस तो.”

सगळा वर्ग हसला. मी फळ्यापाशी उभी होते. माझं चुकलेलं गणित सगळ्यांना दिसत होतं.

तो वर्ग माझा नव्हता. शनिवार पेठेतल्या त्या शाळेत हुशारांची ‘अ’ तुकडी, आणि आम्हा वस्तीतल्या पोरांची ‘फ’. मी आठवीत होते. आमच्या वर्गशिक्षिका त्या दिवशी रजेवर, म्हणून आम्हाला इतर वर्गांत वाटून बसवलं होतं. मी ‘अ’मध्ये, शेवटच्या बाकावर.

गणिताच्या बाई दोन्हीकडे त्याच. बिबवेवाडीला बसमध्ये चढले की त्यांच्या तासाची भीती वाटायला लागायची. आमच्यात कुणाचं गणित चुकलं की बाई एवढंच म्हणायच्या, “बस खाली.” की आपण मान खाली घालून बसायचं. मला वाटायचं, गणित सगळीकडे असंच शिकवतात.

माझ्या आधी एक मुलगा फळ्यावर गेला होता. त्याचं चुकलं. बाई म्हणाल्या, “पुन्हा कर.” पुन्हा चुकलं. “अरे, धीर सोडू नकोस. येतंय तुला.” आणि आलं की त्याला! मी बघतच राहिले. बाईंना असं बोलता येतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग मला उठवलं. माझं एकदाच चुकलं. बाई वर्गाकडे वळल्या. “बघा, गणित शिकवता येतं. जिद्द नाही शिकवता येत. ती घरातूनच यावी लागते.” आणि माझ्या वडलांची चौकशी केली.

मी डस्टर उचललं नाही. खडू उचलला. धैर्य वगैरे काही नव्हतं. आता शाळा सोडल्याचा दाखला हातात देणार, घरी काय सांगू, एवढंच डोक्यात.

“बाई, मला पण पुन्हा करायचंय.”

“बस खाली.” मी बसले नाही, लिहीत राहिले. पुन्हा चुकलं. बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं.

व्हरांड्यात रडले. रडता रडता चीड आली. त्या मुलाने जिद्द घरून आणली नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत बाईंनी त्याला ती शिकवली होती. आणि आम्हाला त्याच बाई रोज भीती शिकवत होत्या.

आज मी शिक्षिका आहे. फळ्यासमोर अजून छातीत धडधडतं, इतकं ते शिक्षण पक्कं झालंय. उद्या आमच्या शाळेत तुकड्या पाडायची बैठक आहे. मुख्याध्यापक म्हणतात, “वस्तीतल्या मुलांना शिकायची ओढच नसते हो, त्यांना वेगळं बसवलेलं बरं.” माझी नोकरी अजून कायम नाही. तरी उद्या सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे, ही तुकडी पाडायची असेल तर आधी मला काढा.